संगणकाच्या पेटींतील रोषणाई

मुंबईंतील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हा लोकांच्या तोंडीं अद्याप लॅमिंग्टन रोड या जुन्या नांवानेंच ओळखला जातो. तेथील दुकानांत संगणकाचे सुटे भाग घेण्यासाठीं तरुणांची रीघ लागलेली असते, आणि त्यांच्यामागें पुष्कळदां एखादा वडीलधारा गृहस्थही उभा असलेला दिसतो. चिरंजीव खेळांसाठीं नवा संगणक जुळविणार असतात. पेटीची एक बाजू कांचेची हवी आणि आंत रंगीबेरंगी दिवे हवेत, असा त्यांचा आग्रह असतो. अशा वेळीं गृहस्थानें दुकानदारास एक प्रश्न हटकून विचारावा: "या दिव्यांनीं यंत्र अधिक वेगानें चालतें काय?"

या प्रश्नाचें खरें उत्तर एकच आहे. मुळींच नाहीं. दिव्यांची पट्टी ही निव्वळ शोभेची वस्तु होय. परंतु शोभेची म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीं. दिवाळींत दारावर आकाशकंदील टांगणाऱ्याला त्यानें घराची उपयुक्तता किती वाढली, असें कोणी विचारीत नाहीं. ज्या यंत्रापुढें मुलगा दिवसाचे कित्येक तास बसणार आहे आणि ज्याचे भाग त्यानें आपल्या हातांनीं जोडले आहेत, तें सुंदर दिसावें असें त्याला वाटलें तर त्यांत वावगें काय? मात्र ही हौस न समजतां केली, तर पट्टी जळते, कधीं कधीं महागाचा मदरबोर्डही निकामी होतो, आणि त्याच खोलींत झोपणाऱ्या धाकट्या बहिणीची झोप उडते ती वेगळीच. म्हणून हौस करावी, पण समजून करावी.

ही हौस कांहीं आजची नव्हे. मागील शतकाच्या अखेरीस हौशी मंडळी पोलादी पेटीचा पत्रा कापून तिला खिडकी पाडीत आणि आंत शीत-कॅथोडच्या कांचेच्या नळ्या बसवीत. त्या नळ्या नाजूक असत व त्यांना फार मोठा विद्युद्दाब लागे. पुढें एल्.ई.डी. म्हणजे प्रकाश देणाऱ्या डायोडनें त्यांची जागा घेतली. निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा डायोड तयार केला. परंतु तेजस्वी निळा डायोड हातीं येण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. निळ्यावांचून तांबडा, हिरवा व निळा यांचें त्रिकूट पुरें होत नाहीं, आणि त्या त्रिकूटावांचून मनाजोगता रंगही मिळत नाहीं. या निळ्या दिव्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. कोपऱ्यांत लुकलुकणाऱ्या पट्टीमागें एवढी तपश्चर्या आहे.

आतां निवडीकडे वळावें. बाजारांत मुख्यतः दोन जातींच्या पट्ट्या मिळतात. पहिली १२ व्होल्टची. तिला चार तारा असतात. एक दाबाची व प्रत्येक रंगाची एकेक. या पट्टीवरील सर्व दिवे एका वेळीं एकाच रंगाचे होतात. सारे तांबडे, नाहीं तर सारे निळे. दुसरी जात ५ व्होल्टची. तिला तीन तारा असतात; एक दाबाची, एक परतीची, आणि एक निरोपाची. या पट्टींतील प्रत्येक दिव्याच्या पोटांत एक चिमुकली चिप बसविलेली असते. पहिला दिवा आपल्यापुरता निरोप ठेवून घेतो व उरलेला पुढच्याकडे ढकलतो. त्यामुळें प्रत्येक दिव्याला निराळा रंग देतां येतो आणि लाट वाहिल्यासारखा देखावा साधतो. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर तीन रंगांच्या मिश्रणानें १,६७,७७,२१६ छटा होतात. एकाच शांत रंगावर समाधान असेल त्याला पहिली पट्टी पुरे. रंगांचा प्रवाह पाहावयाचा असेल त्यानें दुसरी घ्यावी.

परंतु निवड करण्यापूर्वीं मदरबोर्डाची माहितीपुस्तिका उघडून पाहिली पाहिजे. खरा धोका येथेंच आहे. १२ व्होल्टच्या जोडणीस चार पिना असतात. ५ व्होल्टच्या जोडणीस जागा चारांची, पण पिना तीन, मधली एक गाळलेली. ही खूण चूक टाळण्यासाठींच ठेविलेली आहे. तथापि बाजारांत सुटे जोड मिळतात, त्यांना असला अटकाव असतोच असें नाहीं. आणि उतावळा हात जोर करून भलतीकडेही जोड दडपतो. ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या पिनांवर बसली, तर तिच्यांतील चिपा क्षणांत जळून जातात. उलट चूक झाली तर १२ व्होल्टची पट्टी नीट उजळत नाहीं, एवढेंच. जुन्या मदरबोर्डावर ५ व्होल्टची सोय नसेलही. तेव्हां आधीं पट्टी आणि मागून पुस्तिका, हा क्रम उलटा होय.

दुसरा हिशोब प्रवाहाचा. ५ व्होल्टच्या नेहमींच्या पट्टीवरील एक दिवा पूर्ण पांढऱ्या तेजानें जळतांना सुमारें ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. मदरबोर्डाच्या एका जोडणीची मर्यादा ३ अँपिअर असेल, तर तिच्यावर असे ५० दिवे चालतील. मीटरला ६० दिव्यांची पट्टी घेतली, तर अर्ध्या मीटरचे ३० दिवे १.८ अँपिअर घेतील. तें सुखानें चालेल. सबंध मीटर लावला, तर मागणी ३.६ अँपिअर होऊन मर्यादा ओलांडली जाईल. अधिक लांबी हवीच असेल, तर वीज थेट पॉवर सप्लायकडून घेणारा निराळा नियंत्रक लावावा आणि मदरबोर्डाकडून फक्त निरोप घ्यावा. उष्णतेची मात्र धास्ती नको. तो सबंध मीटरही फार तर १८ वॅट खाईल. मोठें ग्राफिक्स कार्ड एकटेंच ३०० वॅटांहून अधिक खाऊं शकतें.

पट्टी कापावयाची झाल्यास ती छापलेल्या खुणेवरच कापावी. १२ व्होल्टच्या पट्टीवर सामान्यतः तीन तीन दिव्यांनंतर खूण असते. ५ व्होल्टच्या पट्टीवर बहुधा प्रत्येक दिव्यानंतर. शिवाय ५ व्होल्टच्या पट्टीवर बाण छापलेला असतो. निरोप बाणाच्या दिशेनेंच जातो. उलट टोंकाकडून जोडल्यास पट्टी पेटत नाहीं, आणि बिचाऱ्या दुकानदारावर खोट्या मालाचा आळ येतो.

यानंतर प्रश्न जागेचा. जवाहिऱ्याच्या कपाटांत दिवा डोळ्यांत येत नाहीं, दागिना येतो. तोच नियम येथें लावावा. पट्टी पेटीच्या वरच्या व पुढच्या कडेआड अशी बसवावी कीं, दिवे दिसूं नयेत आणि प्रकाश आंतील भागांवर पडावा. पेटी आंतून पांढरी असेल तर प्रकाश परावर्तित होऊन थोडे दिवेही पुरतात. काळी असेल तर ती बराचसा प्रकाश गिळून टाकते. दिवे समोरून दिसणारच असतील, तर दाट दिव्यांची व वर दुधी सिलिकॉनचें आवरण असलेली पट्टी घ्यावी, म्हणजे सुट्या ठिपक्यांऐवजीं अखंड रेघ दिसते. चिकटविण्यापूर्वीं यंत्र बंद करून विजेची तार काढावी व पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून कोरडा करावा. धुळीवर गोंद टिकत नाहीं. कित्येक पट्ट्यांना लोहचुंबक लावलेले असतात. त्या पोलादाला धरतात, ॲल्युमिनियमला धरीत नाहींत. सैल तार पंख्याच्या पात्यांत जाणार नाहीं, एवढी खात्री झांकण लावण्यापूर्वीं करून घ्यावी.

दिव्यांना हुकूम देणारे प्रोग्रॅम मदरबोर्डाच्या प्रत्येक कंपनीचे निरनिराळे आहेत, आणि कित्येक कंपन्यांच्या पट्ट्यांचे जोडही त्यांच्यापुरतेच असतात. २०२३ सालीं विंडोज ११ मध्यें अशा दिव्यांसाठीं एक सामाईक सोय आली, 'ओपन आर्.जी.बी.' नांवाचा मुक्त प्रोग्रॅमही आहे. तरी घेतांना शक्य तों सर्वसाधारण तीन पिनांचा जोड असलेली पट्टीच घ्यावी. उद्यां मदरबोर्ड बदलला तरी ती फुकट जात नाहीं.

अखेरची गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं. शहरांतील घर दोन-तीन खोल्यांचें. ज्या खोलींत दादाचा संगणक, त्याच खोलींत धाकट्या बहिणीचें अंथरूण. रात्रीं निळसर प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला, तर झोपेची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची उत्पत्ति शरीरांत कमी होते, हें शास्त्रानें सिद्ध केलें आहे. त्यांतून कित्येक मदरबोर्ड असे कीं, संगणक बंद केला तरी त्यांच्या दिव्यांना वीज मिळतच राहते. दादा यंत्र बंद करून निजतो आणि भिंतीवर इंद्रधनुष्य रात्रभर फिरत राहतें. बहीण तोंडावर पांघरूण ओढते, पण बोलत नाहीं. कारण दादानें हे पैसे किती दिवस सांठविले, हें तिला ठाऊक असतें.

यावर उपाय सोपा आहे. संगणक सुरू होतांना उघडणाऱ्या बायॉसच्या पानांत, यंत्र बंद असतां दिवेही बंद ठेवण्याचा पर्याय बहुधा असतो; तो निवडावा. रात्रीं खेळावयाचेंच असेल, तर तेज उतरवून निळ्याऐवजीं मंद नारिंगी रंग ठेवावा. पट्टी विकत घेतांना तिचे रंग किती, हें तर सारेच विचारतात. ती विझवितां कशी येते, हेंही विचारून घ्यावें. ज्या घरांत दादा निजण्यापूर्वीं हा दिवा आठवणीनें मालवितो, त्या घरांत दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो लावण्यासाठीं बहीणच आधीं धांवते.