गोष्ट कुणाची, सांगतंय कोण?

(मंडळाच्या वाचनगटापुढे केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)



'कथेतला निवेदक' या विषयावर बोला, असा कमिटीचा फोन आला. फोनवरच्या वहिनींनी लगेच विचारलं, "म्हणजे तुम्ही भाषण करणार की निवेदन?" त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याकडे निवेदक म्हणजे गणपतीच्या कार्यक्रमात झब्बा घालून माईकपाशी उभा राहणारा आणि साऊंड सिस्टिम बिघडली की विनोद सांगणारा गृहस्थ. हे काम मी स्वतः चार वर्षं केलेलं आहे. एका वर्षी एका छोट्या मुलीच्या नाचाआधी मी म्हणालो, "हिला काल रात्रीपर्यंत ताप होता बरं का!" हॉल टाळ्यांनी दणाणला. तिच्यानंतर जी नाचली तिलाही ताप होता, पण ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला नेहमीच्या टाळ्या मिळाल्या. नाच दोघींचे सारखेच झाले होते.

कथा-कादंबरीतला निवेदक हेच करतो. कुणाचा ताप सांगायचा आणि कुणाचा नाही, हे तो ठरवतो. फरक एवढाच की गणपतीतला निवेदक दिसतो, पुस्तकातला बरेचदा दिसत नाही. तो दिसेनासा झाला की आपण त्याला लेखकच समजून बसतो. आपल्याच गटात 'कोसला' वाचताना एक जण पांडुरंग सांगवीकरच्या परीक्षेतल्या प्रतापांवरून थेट नेमाड्यांवर घसरले होते. नाव घेत नाही, ते समोरच बसले आहेत.

मराठीत या सगळ्याची एक मोठी मजेदार सुरुवात आहे. 1857 साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. आपल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात. तिची नायिका यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहते, त्यांच्या कहाण्या ऐकते. विषय जळता होता. पण वाचताना आपण कुठे असतो? यमुनेच्या शेजारी, गाडीत बसलेले. समोर दुःख दिसतं, हळहळ वाटते आणि गाडी पुढच्या गावाला जाते. शिवाय लेखकाला धर्माबद्दल जे सांगायचं आहे तेही तो मधून मधून सांगून घेतो.

त्यानंतर तेहेतीस वर्षांनी, 1890 मध्ये, हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. इथल्या नायिकेचं नावही यमुनाच. पण ही यमू कुणाच्या कहाण्या ऐकायला जात नाही, ती स्वतःच बोलते. लहानपणची भांडणं, माहेरचं घर, सासरच्या बायका, नवऱ्याबरोबर मुंबईला थाटलेला संसार, सगळं 'मी, मी' करत सांगते. हरिभाऊंनी विधवेचं दुःख लगेच आणलं नाही. आधी शेकडो पानं आपल्याला यमूची सवय लावली. ती हुशार आहे, थोडी खट्याळ आहे, तिला वाचायला आवडतं. मग नवरा जातो आणि सासरी तिचं जबरदस्तीने केशवपन होतं. तोपर्यंत आपण गाडीत बसलेले प्रवासी राहिलेलो नसतो. न्हाव्यासमोर आपल्यालाच बसवलेलं असतं.

हाच प्रसंग 'त्या दुर्दैवी स्त्रीचे केशवपन करण्यात आले' असा लिहिता आला असता. माहिती तीच, वाचणाऱ्याची जागा मात्र बदलली.

आता एक अडचणीचा प्रश्न. हरिभाऊ त्या वेळी सव्वीस वर्षांचे पुरुष होते. त्यांना यमू व्हायचा अधिकार कुणी दिला? आपल्या गटातल्या दोघी-तिघींनी मागे हा मुद्दा फार तावातावाने मांडला होता. मी तेव्हा गप्प बसलो. मला उत्तर सुचलं नव्हतं आणि ज्या गोष्टीवरून थोडंफार सुचलं ती मला तिथे सांगवेना. आज सांगतो.

2006 च्या उन्हाळ्यात माझी आई आमच्याकडे सहा महिने राहून गेली. ती या देशात आली ती तेवढीच. ती परत गेल्यावर भारतात फोन केला की मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत असे. आईला इथे फार करमलं, नायगारा पाहिला, शेजारच्या म्हातारीशी खुणांनी मैत्री केली, डिशवॉशरला तिने नमस्कार केला, वगैरे. डिशवॉशरचा किस्सा तर मी याच मंडळात दोनदा सांगितलाय. तुम्ही हसलाही आहात.

त्याच वर्षी माझ्या मुलीला शाळेत एक असाइनमेंट मिळाली. ती पाचवीत होती. इथल्या शाळांत तीन डुकरांच्या गोष्टीचं एक पुस्तक वाचून घेतात, जॉन शेस्का यांचं. त्यात ती गोष्ट लांडगा सांगतो. त्याचं म्हणणं, मी फक्त वाटीभर साखर मागायला गेलो होतो आणि मला सर्दी झाली होती, शिंक आली त्याला मी काय करू! ते वाचून मुलांनी आपल्या घरातल्या एखाद्या माणसाच्या तोंडून, 'मी' म्हणून, एक पान लिहायचं होतं. माझ्या मुलीने आजी निवडली.

त्या पानात नायगारा नव्हता. आजी सकाळी खिडकीपाशी बसते. साडेअकराला टपालाची गाडी येते, तिची वाट बघते. आपल्याला पत्र येणार नाही हे तिला माहीत असतं, पण त्या गाडीतून एक माणूस उतरतो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कॅलेंडर लावलंय, त्यावर ती रोज रात्री एक फुली मारते. संध्याकाळी मुलगा येतो आणि बूट काढता काढता विचारतो, 'आई, जेवलीस का?' उत्तर येईपर्यंत तो आतल्या खोलीत गेलेला असतो.

त्या गोष्टीत माझं काम एवढंच होतं. एक वाक्य.

मी चिडलो. तिला म्हणालो, "आजीला काय वाटत होतं ते तुला काय माहीत?" ती म्हणाली, "बाबा, आम्ही एका रूममध्ये झोपायचो." मग मी उठून कपाट उघडून पाहिलं. कॅलेंडर तिथेच होतं. एकशेएकाहत्तर फुल्या होत्या, मी मोजल्या.

आता यातलं खरं काय? आईने डिशवॉशरला नमस्कार केला होता, मी बनवलेलं नाही. फुल्याही खऱ्या. खिडकीपाशी बसून आई मनात काय म्हणत होती, ते मात्र दहा वर्षांच्या पोरीने कल्पनेने लिहिलं. तिला ते माहीत असणं शक्य नव्हतं. पण ते लिहायचं म्हणून तिने आजीची खुर्ची धरली आणि त्या खुर्चीवरून मी कसा दिसतो ते दाखवलं. माझ्या खुर्चीवरून मला ते दिसायची सोयच नव्हती. हरिभाऊंना अधिकार होता की नाही या प्रश्नावर माझ्याकडे एवढंच आहे. दुसऱ्याचा 'मी' व्हायला निघालेल्याने त्याच्या खोलीत काही रात्री काढलेल्या असाव्यात. मग पुरुष असो की दहा वर्षांची मुलगी.

तेव्हापासून कुठलंही पुस्तक वाचताना मला एक खोड लागली आहे. कोण बोलतंय हे तर बघतोच, पण कुणाला बोलू दिलेलं नाही तेही शोधतो. 'ययाति' घ्या. खांडेकरांनी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांना बोलायला लावलं. कच मात्र कधीच स्वतः बोलत नाही, आणि ते बरंच झालं. आपला चांगुलपणा आपणच पानंच्या पानं सांगणारा माणूस कोण सहन करील? 'मृत्युंजय'मध्ये सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण यांनाही बोलू दिलं आणि शेवटचा भाग दिला श्रीकृष्णाला, म्हणजे समोरचा रथ हाकणाऱ्याला! ही निवड मला सगळ्या कादंबरीतली सर्वांत धाडसाची वाटते. आणि माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त धनगरांचं गाव सांगतो तो बाहेरून आलेला पोरगेला मास्तर. तो जसजसा शिकतो तसतसं गाव आपल्याला कळत जातं. परक्या गावात नव्याने राहायला गेलेल्या आपल्यासारख्यांना हा मास्तर विशेष जवळचा वाटायला हरकत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते 'रणांगण'बद्दल, कारण पुढच्या महिन्यात आपण ती वाचणार आहोत. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी 1939 ची. आकाराने लहान आहे, एका वीकेंडला होईल. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट. बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत, त्यांत हॅर्टा नावाची तरुणी आहे. सांगणारा आहे चक्रधर, मराठी तरुण, आधीच्या प्रेमात पोळलेला. दोघांचं प्रेम जमतं. मुंबई येते, चक्रधर उतरतो. हॅर्टाला घेऊन बोट पुढे पूर्वेकडे जाते आणि ती वाटेत समुद्रात जीव देते.

ही गोष्ट उतरणाऱ्याने सांगितलेली आहे. त्याला घर आहे, देश आहे, बंदर आहे. तो प्रामाणिक आहे, स्वतःला फारसं सोडतही नाही. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कॉलेजात होतो आणि मला चक्रधरचंच वाईट वाटलं होतं. बिचाऱ्याने किती सोसलं! इथे आल्यावर, कॅलेंडर सापडल्यावर, परत वाचली. तेव्हा लक्षात आलं की हॅर्टाबद्दल मला जे माहीत आहे ते बहुतेक सगळं मला चक्रधरने सांगितलंय. तिचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो मुख्यतः तिच्या पत्रांतून, म्हणजे तो उतरून गेल्यानंतर. आणि पत्रं हातात पडतात तेव्हा उत्तर द्यायला फार उशीर झालेला असतो. बेडेकरांनी हे जाणूनबुजून केलं असावं असं मला वाटतं. चक्रधरला जे उशिरा कळलं ते आपल्यालाही उशिराच कळावं म्हणून. तिलाच निवेदक केलं असतं तर आपण पहिल्या पानापासून तिच्या बाजूला असतो आणि चक्रधर डेकवरून उतरताना आपल्याला त्याचा नुसता राग आला असता. आता येते ती शरम, कारण उतरताना आपण त्याच्याबरोबर उतरलेलो असतो.

यावर कुणाचं वेगळं मत असेल तर हवंच आहे. वहिनींचं असणार, त्यांचा चेहरा मला इथून दिसतोय.

तर पुढच्या महिन्यासाठी एक विनंती. प्रत्येकाने येताना एक पान लिहून आणायचं. बोटीवरच्या कुणाच्याही तोंडून चालेल, चक्रधर सोडून. मुंबई बंदर दिसायला लागलंय, तो प्रसंग घ्या. मुलांनाही लिहू द्या, इंग्रजीत लिहिलं तरी चालेल. पुस्तकाच्या आपल्याकडे तीनच प्रती आहेत, त्या आज जाताना घेऊन जा आणि आठ दिवसांत पुढे द्या. बैठक आमच्याकडे आहे. चहा मी करीन.