मांगराने घराची नक्कल करू नये



अध्यक्षपदावरून आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. कोकणात जुन्या चिरेबंदी, कौलारू घरांच्या आवारात सध्या सतत काहीतरी नवे उभे राहते आहे. कुठे पाहुण्यांसाठी दोन खोल्या, कुठे गाडीची शेड, कुठे आंब्याच्या पेट्या भरायची जागा. ते कसे बांधावे, याची दोनच उत्तरे आपल्या वास्तुरचनेच्या व्यवसायाने दिली: सिमेंटचा ठोकळा किंवा मूळ घराची छोटी प्रतिकृती. ठोकळ्याची चूक डोळ्यांना लगेच दिसते. प्रतिकृती दिसायला सोज्वळ असते, म्हणून तिच्याविषयी अधिक सावध राहायला हवे. विटांच्या भिंतीवर जांभ्याच्या चकत्या चिकटवल्या, पुढे शोभेची ओटी काढली, की ते बांधकाम परंपरेतले झाले असे आपण समजतो. परंपरा मात्र तसे सांगत नाही.

जुनी वाडी नीट पाहा. घर जांभ्याचे, उंच जोत्याचे. गोठा कुडाच्या भिंतींचा, गवताने शाकारलेला आणि चुलीची ठिणगी पेंढ्यावर जाऊ नये इतका दूर. न्हाणी मागल्या दारी, कारण तिचे पाणी अळू-केळींना जायचे. मांगर बागेच्या कडेला, अवजारे आणि नारळ-सुपारी ठेवण्यापुरता. यांतल्या कोणीही घराचे रूप उचलले नव्हते. प्रत्येकाचे सामान वेगळे, काम वेगळे, उंची मात्र घराच्या आढ्याखालीच. तरीही सारे एका कुटुंबातले वाटायचे, कारण पाऊस आणि पाणी सगळ्यांनी सारखेच मानले होते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात एका छपराच्या पागोळ्या दुसऱ्याच्या जोत्यावर पडून चालत नाही. एवढ्या एका नियमातून दोन इमारतींमधले अंतर ठरते, पाख्यांची दिशा ठरते, पन्हळ कुठे न्यायची तेही ठरते. पडवीबाहेर जमिनीवर पागोळ्यांनी पाडलेली खळग्यांची एक सरळ ओळ असते. नव्या बांधकामाची आखणी तिथून सुरू व्हावी, असे माझे मत आहे.

आधुनिक सामानाला यात मज्जाव नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९६३ मध्ये साबरमती आश्रमात गांधी स्मारक संग्रहालय बांधले, तेव्हा शेजारी गांधीजींचे साधे घर, हृदयकुंज, होते. कोरियांनी त्याची नक्कल केली नाही. सहा मीटर चौरसाचे सुटे भाग त्यांनी मोकळ्या चौकांभोवती मांडले. विटांचे खांब, दगडी फरशी, काचेऐवजी लाकडी झडपा आणि वर ठेंगणी कौलारू छपरे. भाग जोडणाऱ्या तुळया मात्र काँक्रीटच्या आहेत, आणि त्याच पन्हळी होऊन पावसाचे पाणी वाहून नेतात. नव्या सामानाला नेमके काम दिले आणि शेजारच्या घराचा मान राखला. आधुनिकता याहून वेगळी काय असते?

यावर आक्षेप येतात आणि ते खरे आहेत. माकडे कौले फोडतात, दरवर्षी कौले परतायला माणूस मिळत नाही. मग पत्रा घाला. पण उतार घराच्या पाख्याशी जुळवा, रंग मंद ठेवा आणि खाली हवा खेळेल असे अंतर सोडून छत करा, म्हणजे उन्हाळ्यात खोली तापणार नाही आणि पावसात बोललेले ऐकू येईल. वादळाची भीतीही रास्त आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत कौले गेली आणि पत्रेही गेले. तेव्हा प्रश्न छप्पर कशाचे आहे यापेक्षा ते वाशांना आणि भिंतीला कसे बांधले आहे, हा आहे. पुढे मजला चढवता येईल म्हणून स्लॅब हवा, असे घरमालक म्हणतो. त्याला गावातलेच स्लॅब दाखवा. गळती लागल्यावर त्यांतल्या कितीतरी स्लॅबांवर पत्र्याची छपरे चढली आहेत. म्हणजे खर्च दोनदा झाला आणि उंचीही घराच्या वर गेली. पर्यटकाला जुना देखावा हवा असतो, हा शेवटचा आक्षेप. त्याला जुने घर पाहू द्या. शेजारच्या खोलीने ते झाकले नाही, तर तो देखावा आयताच मिळतो.

मित्रहो, आपल्याकडे नकाशा मागायला येणारा माणूस फक्त नव्या खोलीचा नकाशा मागतो. कृपा करून त्याच कागदावर जुने घर, विहीर, गडगा आणि पागोळ्यांची ती ओळ आधी काढा, आणि मगच नवी भिंत आखा.