सूज, जंतू आणि धूळ



मी डॉक्टर नव्हे. कामगारांच्या नुकसानभरपाईचे अर्ज लिहिता लिहिता एक्स-रेच्या अहवालांतले शब्द अडू लागले, तेव्हा पुस्तके उघडली. त्यांतून जे समजले ते आपणापुढे मांडतो. चुकलो तर येथे बसलेल्या डॉक्टरमंडळींनी कान धरावा.

पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकते. ही चार लक्षणे पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने लिहून ठेवली. पाय टेकवत नाही, हे पाचवे लक्षण पुढे जोडले गेले. काट्याने सूज आणली असे आपण म्हणतो. पण ती आणते आपलेच शरीर. तेथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. आणि त्याच फटींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून काट्याकडे धाव घेतात. पू म्हणजे बराचसा याच झटापटीत मेलेल्या पेशींचा खच.

या पेशींचे काम प्रथम नीट ओळखले ते मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा! परके दिसेल ते गिळायचे, हा त्यांचा धर्म. दुसरा पक्ष म्हणे, खरे संरक्षण रक्तातल्या द्रव्यांत आहे. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि त्या पक्षाचा पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोघेही बरोबर होते. आमच्या चळवळीत असा निकाल क्वचितच लागतो.

त्याच १८८२ सालच्या २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. हा जंतू मोठा चिवट. भक्षक पेशी त्याला गिळते, पण त्याचे अंग मेणचट. तो पचत नाही, तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. मग शरीर त्याच्याभोवती पेशींचा कोट उभारते. लागण झालेल्या शंभरांपैकी पाच ते दहाजणांनाच आयुष्यात केव्हा तरी क्षय होतो. बाकीच्यांचा कोट टिकतो. म्हणून जंतू कोठून आला एवढेच विचारून भागत नाही; कोट कशाने ढासळला, हेही विचारावे लागते. एचआयव्हीचा विषाणू भक्षक पेशींना हुकूम देणाऱ्या पेशीच मारतो. उपासमारीने कोट खचतो, मधुमेहानेही खचतो. आणि दगडाच्या धुळीने खचतो, त्यासाठी मी आज उभा आहे.

खडी फोडताना जी धूळ उडते, तिच्यात गारेचे कण असतात. डोळ्यांत जाते ती जाड धूळ. घात करते ती न दिसणारी, मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहून बारीक. तोंडाला बांधलेल्या फडक्यातून ती आरपार जाते. फुप्फुसातली भक्षक पेशी तो कण गिळते, पण दगड कोणाला पचला आहे? पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. सूज कधी उतरतच नाही. वर्षानुवर्षे वण धरत जातात, मऊ फुप्फुस चिवट होते. हा सिलिकोसिस. आणि पहारेकरीच असे मेल्यावर क्षयजंतूला रान मोकळे.

आमचा एक गडी तेरा वर्षे क्रशरवर होता. धाप लागली, थुंकीत जंतू सापडले, कागदावर लिहिले गेले, ‘फुप्फुसाचा क्षय’. मालक म्हणाला, “क्षय जंतूने होतो, माझ्या क्रशरने नव्हे.” वाक्य अर्धे खरे, म्हणूनच खोडायला कठीण. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी जंतू गेला. धाप गेली नाही, कारण वणांवर औषध नाही. गडी पुन्हा क्रशरवर गेला. दुसरा धंदा कोण देणार?

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीच्या रामाझ्झिनीने १७०० सालीच वैद्यांना बजावले होते. आमच्या गड्याच्या केसपेपरवर धंद्याचा रकाना कोराच होता. भरपाईच्या कायद्याच्या यादीत सिलिकोसिस होता, पण कागदावर तो शब्दच नव्हता. जुना एक्स-रे घेऊन आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, “काम काय करतोस?” मग फिल्म उजेडापुढे धरून गाठी मोजू लागले.

भरपाई मंजूर झाली तेव्हा सही करायला त्याची बायको आली. त्या क्रशरवर पाण्याचा फवारा बसला, तो त्यानंतरच्या वर्षी. उन्हाळ्यात पाणी आटले की तो बंद असतो.