शाळेतली पंगत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण चूल आणि मुलांचे पोट हा विषय आपलाच, म्हणून उभी राहिले.

1992 साली मी सातवीत होते. तेव्हा आमच्या शाळेत जेवण मिळत नसे. माझ्याशेजारी बसणारी मुलगी मधल्या सुट्टीत नुसते पाणी पिऊन येई आणि ‘मला भूक नाही’ म्हणे. दुपारी गणिताच्या तासाला तिचे डोळे मिटत. आम्ही तिला झोपाळू म्हणून चिडवीत असू. पुढे ती शाळेत यायचीच थांबली. ती झोपाळू नव्हती, उपाशी होती, हे मला स्वतः आई झाल्यावर कळले.

मद्रास राज्यात कामराज मुख्यमंत्री असताना शाळेत जेवण देण्याचे काम वाढले. देशभराची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. आरंभी बऱ्याच ठिकाणी महिन्याला 3 किलो कोरडे धान्यच मिळे. ते घरच्या डब्यात पडले की साऱ्या घराचे होई. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश दिला. आज सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना ते मिळते. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. पोटात अन्न असले की मूल शाळेत येते, टिकते आणि त्याचे लक्ष फळ्याकडे राहते.

आता माझी एक चूक सांगते. माझा मुलगा दुसरीत असताना सासूबाई म्हणाल्या, “आपल्याला काय कमी आहे? कुणाच्याही हातचे कशाला खायचे?” मीही गप्प राहून डबा देऊ लागले. एकदा तो डबा विसरला, म्हणून मी शाळेत गेले. ओट्यावर सगळी मुले पंगतीत बसून खिचडी खात होती आणि माझा मुलगा एकटा भिंतीशी उभा होता. मला पाहून म्हणाला, “आई, मला त्यांच्यात बसू दे.” मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद केला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पुढे त्याच विचारू लागल्या, “आज खिचडीत काय होते रे?”

सगळे छान चालले आहे, असे मी म्हणत नाही. डाळ कधी पाण्यासारखी असते, तांदूळ नीट निवडलेले नसतात. जुलै 2013 मध्ये बिहारमधील एका शाळेत जेवणात कीटकनाशक गेल्याने 23 मुले दगावली. म्हणून 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत, मुलांना वाढण्यापूर्वी दोन-तीन मोठ्या माणसांनी अन्न चाखावे, त्यांत एक तरी शिक्षक असावा, असे सांगितले आहे. मग त्यांत एक आई का नसावी?

भगिनींनो, माझी एवढीच विनंती आहे. मुख्याध्यापकांना विचारून आपण पाळी लावू. दररोज एकीने जायचे, तांदूळ पाहायचे, घासभर चाखायचे. स्वयंपाक करणाऱ्या बाया तुटपुंज्या मानधनावर राबतात. त्यांना दोष देण्याआधी निवडा-टिपायला हात लावायचा. घरात वाढदिवस असला, तर त्या दिवशी पंगतीत केळी किंवा उसळ द्यायची. आणि आपले मूल त्याच पंगतीत बसवायचे.

कुणाचीही मुलगी पाणी पिऊन ‘मला भूक नाही’ म्हणू नये, इतकेच मागून मी आपली रजा घेते.