दगड आपला, कळस त्याचा



२०२० साली विमानं बंद होती. आई साताऱ्याला आजारी, मी इथे कोलोनला. दिवसाला दहा फोन करायचो. औषध, पथ्य, डॉक्टर, सगळं माझ्याच मुठीत हवं. एकदा आई म्हणाली, "बाळा, शेजारीण रोज पेज आणून देते. पांडुरंग आणखी कसा येतो रे?"

त्या संध्याकाळी डोमसमोर उभा राहिलो. पाया १२४८ सालचा, काम पुरं झालं १८८० साली. पाया घालणाऱ्यांनी कळस पाहिला नाही. आपला दगड मात्र नीट बसवला.

आपलंही तेवढंच. इथल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना आठवड्याला एक फोन करा, जमल्यास डबा पोचवा. पुढचं त्याच्यावर सोडा.

जय हरी विठ्ठल.