गर्भनलिकेची इजा आणि कामगार स्त्री



हा विषय खरे तर डॉक्टरांचा. मी पडलो कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. पण हे दुखणे झालेल्या भगिनी दवाखान्यातून सुटल्या की रजेचा अर्ज लिहून घ्यायला आमच्याकडेच येतात. उपचारानंतरचा भाग आमच्या डोळ्यांसमोर घडतो. तेवढ्याच अधिकाराने मी बोलणार आहे.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना सुमारे 10 ते 12 सेंटिमीटर लांबीची एकेक नळी असते. इटलीतील फालोप्पिओ नावाच्या शारीरशास्त्रज्ञाने 1561 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ही नळी म्हणजे नुसता पाण्याचा पाइप नव्हे. तिच्या आतले अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू हलत राहून स्त्रीबीज पुढे सरकवतात. बीजांचा संयोग नळीतच होतो आणि तीन-चार दिवसांनी गर्भ गर्भाशयात पोचतो.

या तंतूंना इजा झाली किंवा नळी आतून चिकटली, की वाट अडते. बाळंतपणानंतरचा अथवा असुरक्षित गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग, नवऱ्याकडून आलेला गुप्तरोग, फुटलेले अपेंडिक्स आणि आपल्या देशात क्षयरोग, ही त्याची प्रमुख कारणे होत. क्षय फुफ्फुसाचाच असतो असे आपण समजतो. तो खोकल्यावाचून नळीतही घर करतो. मूल होत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा तो सापडतो. तोवर घरातल्यांनी त्या बाईला वांझ म्हणून बोल लावलेला असतो.

अर्धवट अडलेल्या वाटेत आणखी एक धोका आहे. गर्भ नळीतच रुजतो, वाढतो आणि नळी फुटते. शंभर गर्भधारणांत एक-दोन वेळा गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतो, तो बहुधा नळीतच. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखणे, रक्त जाणे, खांद्याच्या टोकाशी कळ येणे, घेरी येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. तडक इस्पितळ गाठा.

वेळीच कळले तर मेथोट्रेक्झेटचे इंजेक्शन देतात. नाहीतर शस्त्रक्रिया करून नळी काढतात किंवा तिच्यातला गर्भ तेवढा काढतात. आणि येथेच आमच्या बायकांची चूक नसताना घात होतो. दुखणे थांबते, बाई कामावर जाते. पण इंजेक्शननंतर चौथ्या व सातव्या दिवशी रक्त तपासायचे असते. या दोन दिवसांत गर्भाच्या संप्रेरकाचा आकडा निदान 15 टक्के उतरावा लागतो. पुढे तो शून्याशी येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी. नळी राखून शस्त्रक्रिया केली असली तरी ही तपासणी चुकत नाही. आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते. इंजेक्शननंतर निदान तीन महिने दिवस राहू देऊ नयेत, आणि फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारावे. हा प्रकार पुन्हा होण्याचा संभव शेकडा दहाच्या आसपास असतो. म्हणून पुढच्या वेळी सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करावी. क्षय असेल तर औषधांचा सहा महिन्यांचा क्रम मध्येच सोडू नये.

हे सगळे ऐकून बाई विचारते, “इतके खाडे कोण मंजूर करणार?” रोजंदारीवरची बाई खाडा नको म्हणून दुखणे अंगावर काढते. बंधूंनो, 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी, दाखला दिल्यावर, एक महिन्यापर्यंत पगारी रजा दिली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. डॉक्टरांकडून आजाराचे नाव आणि तपासणीच्या तारखा लिहून घ्या. तारखा नसलेल्या चिठ्ठीवर आम्हाला भांडता येत नाही.

एक नळी गेली म्हणून आशा संपत नाही. दुसरी निरोगी असेल तर दिवस राहू शकतात. दोन्ही बंद असल्या तरी शास्त्राने वाट काढली आहे. 1978 साली इंग्लंडात जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. 1986 साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी अशा उपचाराचे बाळ आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात जन्मले, गिरणगावाच्या मध्यभागी! मात्र हा उपचार अजूनही गरिबाच्या खिशाला झेपत नाही, आणि ते भांडण आपल्याला पुढे लढायचे आहे.

तोवर सभेला आलेल्या पुरुषांना एकच सांगणे: तपासणीच्या दिवशी घरचा स्वयंपाक आणि मुले तुम्ही सांभाळा, आणि शेवटचा आकडा शून्याशी आल्याचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.