आधाराचा हात शिकलेला हवा



दहावीनंतर २५ वर्षांनी याच सभागृहात माईक हातात घेतेय, आणि पाय अजूनही तेव्हासारखेच थरथरतायत. सॉफ्टवेअरवाली म्हणजे कॉम्प्युटरवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. मी आईबद्दल बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. माझी नोकरी चालू, म्हणून दिवसरात्र राहणाऱ्या मावशी ठेवल्या. मायाळू होत्या. पण उठवताना लुळा हात धरून ओढायच्या, आडवं असतानाच पाणी पाजायच्या. महिन्याभरात आईचा खांदा दुखू लागला, पाण्याचा ठसका लागू लागला. दोष त्यांना कसा देऊ? त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ऑफिसात नव्या मुलाला शिकवल्याशिवाय मी कोडला हात लावू देत नाही. आईला मात्र न शिकवलेल्या हातात सोपवून मी निघून जात होते.

मग वृद्धसेवेचं प्रशिक्षण घेतलेली एक मुलगी आली. तिने लुळ्या हाताखाली उशी दिली. आईला ताठ बसवून घोट घोट पाणी पाजलं आणि गिळण्याची तपासणी करून घ्या, असं मला सांगितलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती दर दोन तासांनी कूस बदलायची. जेवताना तिने आईच्या डाव्या हातात चमचा दिला. डाव्या हाताने जेवायचं म्हटल्यावर आईचा चेहराच पडला. ती म्हणाली, "आजी, आता हाच उजवा." अर्धा भात टॉवेलवर सांडला. "अगं, भरव ना तिला!" मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी भरवत राहिले तर त्या जेवायला विसरतील."

आज आई आपल्या हाताने जेवते, देवाला फुलं वाहते. प्रशिक्षणाने आईला काय मिळालं, तर तिचा मान परत मिळाला.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती. वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर घडवण्याचं काम तेव्हाच्या मद्रासमध्ये कधीच सुरू झालं. केंद्र सरकारचं राष्ट्रीय समाज रक्षा संस्थानही वृद्धसेवेचे अभ्यासक्रम चालवतं. पण रात्री दोन वाजता उशाशी असते ती मावशी. शिकलेली हवी ती तीच.

बाई, तुम्ही आमचा हात धरून अक्षरं गिरवून घेतलीत आणि वेळ आल्यावर हात सोडलात. कधी धरायचा, कधी सोडायचा, हेच त्या मुलीलाही शिकवलेलं होतं.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीने दरवर्षी गावातल्या दोन मुलींच्या अशा प्रशिक्षणाचा खर्च उचलावा. गावात काम मिळेल, आणि आपल्या आईवडिलांना शिकलेला हात मिळेल. पहिल्या मुलीची फी मी भरते. दुसरीसाठी वही घेऊन चहाच्या वेळी दाराशी उभी आहे.